अकरावीचं टेन्शन: त्यातलं तुमचं किती आणि दुसऱ्याचं किती

जूनमध्ये ज्याच्या घरी ९२ टक्क्यांचे पेढे वाटले तोच मुलगा सप्टेंबरात पहिल्या युनिट टेस्टचा पेपर घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा असतो, २५ पैकी ६, आणि त्याला रडायला येत असतं पण मित्र बघतायत म्हणून तो रडत नाही. मी नाशकात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, बारा वर्षं झाली, आणि हे एकाही वर्षी चुकलेलं नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू, अकरावीत नेमकं काय होतं, ताण कुठून येतो, आणि त्यातलं आपण काय उचलायचं नि काय खाली ठेवायचं. सायन्सवाल्यांना जास्त लागू पडेल कारण मी तेच शिकवतो, पण कॉमर्सच्या पोरांनाही यातलं बरंचसं चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सगळे सांगतात टेन्शन घेऊ नको, रिलॅक्स राहा, आणि याने काडीचाही फरक पडत नाही. जी जबाबदारी खरोखर आपली आहे ती पूर्ण अंगावर घेतली आणि जी आपली नाहीच ती ज्याची त्याला परत दिली की टेन्शन उतरतं, हे मी पोरांमध्ये दरवर्षी बघतो. घोळ असा होतो की पोरं बरोबर उलटं करतात, म्हणजे पप्पांनी भरलेल्या फीचं ओझं रात्रंदिवस डोक्यावर आणि रोजचं होमवर्क मात्र मित्राच्या वहीतून उतरवलेलं.

आधी मार्क का पडले ते समजून घ्या

घाबरायच्या आधी हिशोब बघा. दहावीला टक्के काढताना सहा विषयांतले बेस्ट फाइव्ह धरले, म्हणजे सगळ्यात कमी मार्कांचा विषय आपोआप बाजूला गेला. गणिताचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत, विज्ञानाचे पण ४०-४० आणि २० प्रॅक्टिकलचे. चित्रकलेच्या ग्रेडचे किंवा खेळाचे वाढीव मार्क असतील तर ते अजून वेगळे. ते मार्क खोटे नव्हते, तुम्ही कष्टाने मिळवलेत, पण ते वेगळ्या मापाने मोजलेले होते. अकरावीत ज्याला आपण विज्ञान म्हणायचो त्याचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असे तीन वेगळे विषय झाले. बालभारतीच्या पुस्तकांत फिजिक्सची १४ प्रकरणं, केमिस्ट्रीची १६, बायोची १६, मॅथ्सची दोन्ही भाग मिळून १८, बेरीज करा, ६४ होतात. आणि ॲडमिशनच्या फेऱ्या लांबतात त्यामुळे शिकवायला हातात महिने थोडे.

अजून एक गोष्ट आहे जी पोरांना कोणी सांगत नाही आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी हुशार पोरं स्वतःला ढ समजायला लागतात. फिजिक्सचं दुसरंच प्रकरण बघा, मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर आहेत, डिफरन्सिएशन आहे, थोडं इंटिग्रेशन आहे. आता मॅथ्सचं पुस्तक उघडा, त्यात डिफरन्सिएशन भाग दोनच्या अगदी शेवटच्या प्रकरणात आहे आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीला. म्हणजे जी गोष्ट मॅथ्सच्या सरांनी अजून शिकवलीच नाही ती फिजिक्सच्या तासाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर येते, आणि वर्गातली अर्धी मुलं क्लासला ते आधीच शिकून आलेली असतात म्हणून मान डोलावतात, उरलेल्या अर्ध्यांना वाटतं आपणच मागे. पुस्तकांचा क्रमच तसा लागलाय, तुमची बुद्धी कमी नाही. पण हेही ऐकून घ्या की डिफरन्सिएशन-इंटिग्रेशनचे ते नियम चार दिवस बसून पाठ करणं आणि वीस गणितं सोडवणं हे मात्र तुमचंच काम आहे, ते दुसरं कोणी करणार नाही.

मराठी मीडियमवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्वरण, संवेग, वस्तुमान, घनता हे सगळं तुम्हाला येतं. फक्त ॲक्सलरेशन, मोमेंटम, मास, डेन्सिटी असं कानावर पडलं की मेंदू अर्धा सेकंद थांबतो आणि तेवढ्यात सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात. एक छोटी वही करा, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि समोर दहावीचा मराठी शब्द, रोज दहा. दीड-दोन महिन्यांत हा प्रॉब्लेम बऱ्यापैकी मिटतो, मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलोय, असाच मिटवला होता.

आणि अकरावीचं महत्त्व किती, यावर पण दोन टोकं आहेत. माझे वडील दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना माहितीये, एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत फळ म्हणून काही दिसत नाही, नुसत्या काड्या आणि पानं, बाहेरचा माणूस बघून म्हणेल इथे काय चाललंय. पण घडाची गर्भधारणा त्याच उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात होते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतात, पण किती पडणार ते बरंचसं आधीच ठरलेलं असतं. अकरावी म्हणजे ती खरड छाटणी. अकरावीचे मार्क पुढे फारसे कोणी विचारत नाही, पण मेडिकलच्या नीट आणि इंजिनिअरिंगच्या जेईई या प्रवेश परीक्षांना अकरावी-बारावी दोन्हीचा अभ्यासक्रम असतो, राज्याच्या एमएचटी-सीईटीलाही अकरावीचा साधारण २० टक्के भाग येतो. म्हणून "अकरावी काय, नुसतं पास व्हायचं" हे म्हणणारे सिनियर चुकतात आणि २५ पैकी ६ आले म्हणजे सगळं संपलं असं वाटणारेही चुकतात.

आता एक कोरं पान घ्या

रविवारी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "माझं", उजवीकडे "माझं नाही". मग डोक्यात जे जे फिरतंय ते एकेक करून योग्य बाजूला टाका. घाई करू नका, पहिल्या दहा मिनिटांत वरवरचंच निघतं, खरं ते अर्ध्या तासाने बाहेर येतं.

उजवीकडे काय जातं? पुढच्या वर्षी कटऑफ किती लागेल. पेपर अवघड निघेल का सोपा. मामाच्या मुलाला किती पडले. सोसायटीतल्या काकू काय म्हणतील. बॅचमधला पहिला रोज किती तास बसतो. ताईला जे मेडिकल मिळालं नाही ते मी मिळवावं ही घरातली इच्छा. यातलं काहीही तुम्ही रात्रभर जागून बदलू शकत नाही.

डावीकडे काय? कॉलेजला आणि प्रॅक्टिकलला हजर राहणं. आजचं शिकवलेलं आज एकदा उघडणं. समजलं नाही तर विचारणं. झोपायची वेळ. फोन कुठे राहील. कॉपी न करता स्वतः सोडवणं. आणि मार्क घरी खरे सांगणं, हे सगळ्यात अवघड.

काही गोष्टी मात्र रेघेवर येऊन बसतात, त्यांच्यावर वेळ घालवा कारण खरा ताण तिथेच आहे. उदाहरणार्थ फी. पप्पांनी लोन काढून क्लासची फी भरली, हे रोज जेवताना ताटात येतं. फी भरायचा निर्णय त्यांचा होता, मोठ्या माणसांनी विचार करून घेतलेला, त्याचा परतावा मार्कांत देणं ही तुमची जबाबदारी नाही. तुमच्या बाजूला यातला एवढाच तुकडा येतो की क्लासला जायचं, मन लावायचं, आणि क्लास आपल्याला झेपत नाहीये असं वाटत असेल तर ते वेळेत सांगायचं, मार्चमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये. दुसरं, "सर नीट शिकवत नाहीत." शिकवणं ही आमची जबाबदारी आणि आमच्यातले काही जण ती नीट पार पाडत नाहीत, हे मी मान्य करतो. पण ते प्रकरण कसंही करून समजून घेणं, पुस्तक वाचून, दुसऱ्या सरांना गाठून, व्हिडिओ बघून, हे तुमच्याच बाजूला राहतं, कारण परीक्षेला प्रश्न तुम्हाला येणार आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मी स्वतः अकरावीला दिंडोरीहून नाशकात रूमवर आलो आणि पहिल्या युनिट टेस्टला दोन विषयांत नापास झालो. पालकांची सही आणायची होती ती मीच केली. मग दुसरी, मग सहामाही, चार महिने मी वडिलांशी फोनवर "चाललंय चांगलं" एवढंच बोलायचो, शनिवारी घरी जायचं टाळायचो, आणि आज मागे बघितलं तर त्या चार महिन्यांत अभ्यासाने मी दमलोच नव्हतो, लपवून दमलो होतो. शेवटी कॉलेजातून कळलंच. वडील ओरडले नाहीत. बागेत काम चालू होतं, ते एवढंच म्हणाले, "डावणीचा रोग पानावर दिसला की आपण त्याच दिवशी फवारतो ना, का पान झाकून ठेवतो?" त्या दिवसापासून मी मार्क कधी लपवले नाहीत, आणि आता माझ्या वर्गात सहीची सक्ती करायच्या आधी मी मुलाला विचारतो की घरी सांगायला भीती वाटतेय का.

आठवड्याचे १६८ तास मोजा

"वेळच मिळत नाही" हे प्रत्येकजण म्हणतो आणि मोजलेलं कोणीच नसतं. मोजू. झोप रोज ८ तास, म्हणजे ५६. हे कमी करायचं नाही, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकेतली झोपेवर काम करणारी डॉक्टरांची संस्था सांगते, आणि वर्गात पहिल्या तासाला पेंगणारी पोरं बघून मलाही तेच दिसतं. कॉलेज, प्रॅक्टिकलसकट, रोज ५ तास धरून सहा दिवसांचे ३०. क्लास ३ तास धरून १८. प्रवास रोज २ तास म्हणजे १२, नाशिकरोड किंवा म्हसरूळवरून सिटीलिंकच्या सिटी बसने कॉलेज रोडला येणाऱ्यांना हे जास्त वाटणार नाही, त्यात सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते कुठे कधी बंद असतील सांगता येत नाही. आंघोळ, जेवण, घरातलं काम रोज ३ तास, २१. झाले १३७. उरले ३१.

या ३१ मधले १८ तास स्वतःचा अभ्यास, म्हणजे रोज तीन, सहा दिवस. उरलेले १३ तुमचे, क्रिकेट खेळा, गोदाघाटावर जा, नुसते लोळा, त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं नाही. ज्याचा हिशोब यात बसत नाही, म्हणजे क्लासच रोज सहा तास असेल, त्याने समजून घ्यावं की स्वतःच्या अभ्यासाला जागाच ठेवलेली नाही, आणि ऐकलेलं स्वतः केल्याशिवाय अंगी लागत नाही. मग घरी बसून वेळापत्रकच बदलावं लागेल, "अजून मेहनत कर" या सल्ल्याने २४ चे २६ तास होणार नाहीत.

घरी जागा नसेल, दोन खोल्यांत पाच माणसं आणि टीव्ही चालू असेल, तर अभ्यासिका बघा. सिडको, सातपूर, पंचवटी, कुठेही राहात असाल तर जवळपास एखादी सापडते, आणि गावात सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० सालापासूनचं. पण आधी चार दिवस बसून बघा, काही ठिकाणी अभ्यासापेक्षा चहाच्या फेऱ्याच जास्त होतात, तशी जागा निवडली तर अभ्यासिका हे घराबाहेर पडायचं निमित्त बनतं.

तीन तासांत करायचं काय

इथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त वाया जातं. पोरं तीन तास बसतात, नोट्स वाचतात, हायलायटरने पान पिवळं करतात आणि त्यांना वाटतं झालं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, त्यामुळे यातला आपल्या कामाचा भाग कुठला ते तुम्हीच बघा. आणि वाचून झाल्यावर जी "येतंय सगळं" अशी भावना येते तिच्यावर विश्वास ठेवू नका, ती त्या पाच मिनिटांपुरतीच असते.

तर करायचं असं. कॉलेजातून आल्यावर, जेवून वगैरे, आज शिकवलेल्या प्रत्येक विषयाला एक कोरं अर्धं पान. पुस्तक बंद. आज काय शिकवलं ते आठवेल तसं लिहायचं, आकृती, सूत्र, एखादा शब्द, काहीही. दहा मिनिटं. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनने भरायचं. पहिल्या आठवड्यात पान जवळजवळ सगळं दुसऱ्या रंगाचंच असेल आणि वाईट वाटेल, वाटू दे. तेच पान तीन दिवसांनी आणि मग पुढच्या रविवारी परत न बघता. यानंतरच गणितं, आणि गणित सोडवताना उत्तर शेजारी उघडं ठेवायचं नाही, निदान पंधरा मिनिटं स्वतः अडायचं. अडलेली पंधरा मिनिटं वाया गेली असं वाटतं पण सरांनी सोडवलेलं त्यानंतरच डोक्यात शिरतं.

बॅकलॉगबद्दल. बॅकलॉग संपवूनच पुढचं सुरू करू असं जे ठरवतात त्यांचा बॅकलॉग दुप्पट होतो, कारण ते मागचं करतात तोवर आजचं मागे पडतं. आजचं आज, हा पहिला नियम. बॅकलॉगला रविवारी दोन तास वेगळे आणि तेही सगळ्यात जुन्या प्रकरणापासून नाही, तर पुढच्या प्रकरणाला जे लागणार आहे तिथून. फिजिक्समध्ये व्हेक्टर राहिले असतील तर ते आधी, कारण मोशन इन अ प्लेन आणि लॉज ऑफ मोशन दोन्ही त्यावर उभे आहेत.

टेस्टचा पेपर परत मिळाला की तो दप्तरात कोंबू नका. एक चुकांची वही करा आणि प्रत्येक गेलेल्या मार्कासमोर लिहा की का गेला, संकल्पनाच कळली नव्हती, कळली होती पण सूत्र आठवलं नाही, आकडेमोड किंवा युनिट चुकलं, की प्रश्नच नीट वाचला नाही. "सिली मिस्टेक" हा शब्द वापरायचा नाही, माझ्या वर्गात मी तो बंद केलाय, कारण तो म्हटला की पोराला वाटतं ती चूक आपली नाहीच, आपोआप झाली. तीन टेस्टनंतर वही बघितली की दिसतं आपलं दुखणं कुठे आहे. एका मुलीचे निम्मे मार्क फक्त सेंटीमीटरचं मीटर न केल्याने जात होते, ती बिचारी चार महिने पूर्ण थिअरी परत परत वाचत होती.

डाऊट विचारायची लाज वाटते हे मला माहितीये, शंभर पोरांसमोर हात वर करणं सोपं नाही. मग चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवा, तास संपल्यावर व्हरांड्यात गाठा, पण "सर काहीच कळलं नाही" असं न म्हणता "इथपर्यंत कळलं, या ओळीपासून नाही" असं येऊन सांगा. अशा मुलासाठी मी तरी बस सोडून थांबतो, आणि माझ्यासारखे बरेच जण आहेत.

फोन

थोडक्यात सांगतो कारण सगळ्यांना माहिती आहे. अभ्यासाचे तीन तास आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर नाही, उलटा ठेवून नाही, दुसऱ्या खोलीत. लेक्चर फोनवरच असेल तर आधी लेक्चर, मग फोन बाहेर, मग गणितं. अलार्मसाठी लागतो हे कारण चालणार नाही, घड्याळ आणा. आणि हे पप्पांनी हिसकावून घेऊन होत नाही, आठवडाभरही टिकत नाही, तुम्ही स्वतः उठून नेऊन ठेवलात तरच टिकतं.

घरी कसं सांगायचं

बऱ्याच पोरांना सांगायचं असतं पण वाक्य सापडत नाही, म्हणून मी वाक्यच देतो, आपल्या भाषेत बदलून घ्या. वेळ जेवणाची नको, पाहुणे असताना तर नकोच. "पप्पा, दहा मिनिटं बोलायचंय. फिजिक्सला २५ पैकी ७ आले. मी वही काढून बघितलं, चार मार्क व्हेक्टर येत नाही म्हणून गेले आणि बाकीचे वेळ पुरला नाही म्हणून. या रविवारपासून मी व्हेक्टर परत करतोय, सरांशी बोललोय. तुमच्याकडून मला एवढंच हवंय की पुढच्या टेस्टपर्यंत रोज मार्कांचं विचारू नका, मी स्वतः पेपर आणून दाखवेन." बघा, यात आकडा खरा आहे, कारण आहे, उपाय आहे आणि मागणी एकच आहे. आईबापाला रडणाऱ्या मुलापेक्षा असं बोलणाऱ्या मुलाशी बोलणं सोपं जातं. पण रडू आलं तर रडा, त्यात काही बिघडत नाही.

आता पालकांना, हात जोडून. तुमचं प्रेम आणि तुमचे कष्ट दोन्ही मला दिसतात, अंबडच्या कारखान्यांत नाइट शिफ्ट करून सकाळी मुलाला कॉलेजला सोडायला येणारे बाप मी रोज बघतो. पण "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे वाक्य अभ्यास करवून घेत नाही, ते फक्त लपवायला शिकवतं. "किती आले"च्या ऐवजी "आज कुठे अडलं" विचारा. मुलाचं वेळापत्रक तुम्ही लिहू नका, डबा आणि दप्तर तुम्ही भरू नका, कॉलेजात त्याच्या चुकीसाठी फोन तुम्ही करू नका, सोळा वर्षांच्या पोराला उशीर झाला तर त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या. आणि दुसऱ्याच्या मुलाचे मार्क घरात आणू नका, हे मी विनवणीच करतो.

क्लास लावला असेल तर एवढं माहिती असू द्या

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आहे की दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त क्लास घेऊ नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, आणि पूर्ण फी भरून मुलाने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की मार्कांवरून बॅचेस वेगळ्या पाडणं, सगळ्यांसमोर अपमान करणं, झेपणार नाही असं टार्गेट देणं हे शक्यतो टाळावं. प्रत्यक्षात सगळीकडे हे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण तुमची बॅच खाली पाडली आणि तुम्ही आठवडाभर जेवला नाहीत, तर तो दोष त्या पद्धतीचाही आहे हे लक्षात ठेवा, आणि त्या पानावर ते उजव्या बाजूला लिहा. पालकांनी जाऊन बोलावं, फी भरताना पावती आणि परताव्याचे नियम लेखी मागावेत.

शाखाच चुकली असं वाटत असेल तर? आधी दोन महिने वर सांगितलेलं प्रामाणिकपणे करून बघा. तरीही रोज सकाळी उठायची इच्छा होत नसेल आणि दुसरं काही मनापासून आवडत असेल तर कॉलेजच्या ऑफिसात शाखा बदलाचं विचारा, आणि लवकर विचारा, कारण जागा आणि मुदत दोन्ही मर्यादित असतात. कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाणं म्हणजे हरणं नाही. इंजिनिअरिंगचं दार पण एकाच मार्गाने उघडत नाही, सीईटीमधून प्रवेशासाठी ओपनला बारावीत पीसीएमला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला मिळून, ४५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गाला ४०, आयआयटीच्या जाहिराती बघून घाबरलेल्या पोरांना हा आकडा सांगितला की त्यांचा चेहरा सैल होतो.

जेव्हा हे सगळं पुरत नाही

दोन आठवडे झोप नाही, किंवा दिवसभर झोपच. जेवण तुटलं. आवडता खेळ, आवडते मित्र सगळं सोडलं. छातीत धडधड, पेपर समोर आला की हात थरथरतात, डोकं कोरं होतं. "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलणं, किंवा आपल्या आवडीच्या वस्तू दुसऱ्यांना वाटून टाकणं. हे आळस नाही, नाटक नाही, आणि इथे वेळापत्रक आणि चुकांची वही कामाची नाही, इथे माणूस लागतो. मित्राबद्दल असं वाटलं तर त्याला सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतायत का. विचारल्याने डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका आणि "कोणाला सांगू नको" असं वचन घेतलं असलं तरी ते मोडा, मोठ्या माणसाला सांगा.

टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १८ च्या आतल्यांसाठी चाइल्डलाइन १०९८. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पाय मोडला की आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातो आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही, तसंच जायचं. हे नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह करा, स्वतःसाठी नको असतील तर मित्रासाठी.

दिवाळीनंतर तेच पान काढा

सहामाहीचा निकाल लागला की रविवारी पहिलं पान समोर ठेवून नवीन पान करा. काय हललं ते बघा. गेल्या वर्षी एका मुलीने मला तिची दोन्ही पानं दाखवली होती, द्राक्षाच्या गावातून रोज येणारी, निमाणी बस स्टँडला उतरून दुसरी बस पकडायची. पहिल्या पानावर डावीकडे तिने "९० टक्के पाडायचेत" लिहिलं होतं आणि उजवीकडे "सर फास्ट शिकवतात". नोव्हेंबरच्या पानावर ९० टक्के उजवीकडे गेले होते आणि डावीकडे लिहिलं होतं, "रोज अर्धं पान, सरांना आठवड्यातून दोन डाऊट". फिजिक्सला तिला ५० पैकी २९ होते, पहिल्या टेस्टला २५ पैकी ५ होते. एक गोष्ट दोन्ही पानांवर उजवीकडे तशीच होती, बसला जागा मिळत नाही. त्याच्यापुढे नोव्हेंबरमध्ये तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, साडेसहाची गाडी.